अंगणवाडीच्या दिघोरेबाई

माझी आई बायाबाई पवनीच्या बाजारात मासोळी विकते. "घ्या जी मरळ, अजून उडून राहिली!" असं ती ओरडली, की पलीकडचा कांदेवालासुद्धा दचकून आपला भाव कमी करतो. घरी मात्र ती माझा आवाज ऐकायला बसते. मी तलाठ्याचा खोकला काढते, हेडसरांचं "बसाऽऽ खाली" काढते, आणि मोठ्या घरच्या बायांचं ते नाकातलं "होऽ का?" काढलं की बाबा जाळं विणता विणता गाठ चुकतात.

आम्हाला घर घ्यायचं होतं. वैनगंगा पावसाळ्यात आमच्या दोन खोल्यांत न विचारता येते. गेल्या वर्षी ती चुलीवर चढली आणि आईनं ठरवलं, पुढच्या पावसाच्या आत उंचावर जायचं. टेकाडावरच्या वस्तीत भैय्याजी गुरुजींचं घर विकायला निघालं होतं. गुरुजी आणि त्यांच्या रुखमिणीबाई नागपूरला लेकाकडे जाणार होते. पण त्याआधी दोन घरवाल्यांनी आमचा धंदा विचारला होता आणि "मंग सांगतो" म्हणून वाटेला लावलं होतं.

आई म्हणाली, "फोन तू कर. तुले येते ना तसं गुळगुळीत बोलता."

मी लावला. "नमस्काऽर. सौ. दिघोरे बोलतेय. मी अंगणवाडीत असते." आडनाव आमचंच, पण अंगणवाडी माझ्या तोंडात कुठून आली, देव जाणे. आई पदर तोंडात कोंबून हसत होती.

घर पाहायला जायचं म्हणून तीन दिवस आई बाजारात बसली नाही. लिंबू झालं, चिंच झाली, राख झाली. हात घासायची आणि माझ्या नाकाशी धरायची. "हुंगून पाय. आता कशाचा येते?"

"लोणच्याचा."

"चालते."

चौथ्या दिवशी आम्ही वर गेलो. मी आईला तीनच शब्द शिकवले होते : हो, छान, बघू. रुखमिणीबाईंनी फाटक उघडलं, आईकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "या, दिघोरेबाई." आईनं त्यांना पाहताच पदर कपाळापर्यंत ओढला; मला वाटलं, लाजली. मग तिनं नळाला छान म्हटलं, माळ्याला छान म्हटलं, संडासाच्या दारालाही छान म्हटलं. मला हसू आवरेना.

मग चहा आला, आणि रुखमिणीबाईंचे प्रश्न.

"लेकरं किती हायेत जी अंगणवाडीत?"

"हायेत... लय."

"अन् खाऊ काय देता? खिचडी का लापशी?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "दोन्ही," मी म्हणाले.

"वजनही करत असान लेकराइचं. काटा बरोबर हाये ना तुमचा?"

आई बशीतला चहा फुंकत बसली. मी तेव्हाही रुखमिणीबाईंचा तो लांबलेला हेल घरी करून दाखवायला जपून ठेवत होते.

रुखमिणीबाईंनी कप खाली ठेवला. "बायाबाई, तीन दिवस झाले, बाजारात काहून नाही आली? दोनदा झिंग्यासाठी गेलो, रिकामी थैली घेऊन आलो."

आईनं दोन्ही हात पदराखाली ओढले. चिंचेनं सोललेले हात. गुरुजी भिंतीवरचं कॅलेंडर पाहू लागले.

"मायं नाव तुले ठाऊक नसन, पण सहा वर्सं झाली तुयाकडून घेऊन राहिलो. एक दिवस शिळी मासोळी नाही देली तू मले. तुले मी डोळे मिटून घर देलं असतं. पण फोनवर ते कोण होती? तिले मी ओळखत नाही. तिले कसं देऊ?"

आता मी बोलायला हवं होतं. मी कप तोंडाला लावला.

"मीच होतो जी," आई म्हणाली. "चुकलं."

उतारावरही आईनं हात पदराखालून काढले नाहीत. अर्ध्या वाटेतून मी परत पळत गेले. रुखमिणीबाई कप विसळत होत्या.

"फोन म्या केलता. अंगणवाडी म्या सांगतली. आईले तं एक शब्द खोटं बोलता येत नाही."

"मले समजलं होतं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "पण तुयी माय तुयं पाप आंगावर घेत होती, तवा तू काय करत होती?"

मी चहा पीत होते.

"सोमवारी पाठव तिले. एकटीले."

सोमवारी आई बाजारातूनच सरळ वर गेली, डोक्यावर टोपली, टोपलीत झिंगे. घर ठरलं. होळीनंतर गुरुजी किल्ली देणार आहेत. बाबांनी आत्ताच जाळं टांगायला खिळा कुठं ठोकायचा ते ठरवलंय. आई आल्यागेल्याला नळाचं कौतुक सांगते.

मी मात्र रुखमिणीबाई रस्त्यात दिसल्या, की अजून दुसऱ्या गल्लीत वळते.