अक्का सगळ्यांना सांगायची

अक्का आपलं नाव सांगायच्या आधी आपला आजार सांगायची. मिरजोळ्याच्या कारखान्यांपाशी आम्ही एचआयव्ही तपासणीचं टेबल मांडायचो. मी लॅब टेक्निशियन, ती समुपदेशक. पाळी सुटली की पोरं वळसा घालून जात. मग अक्का ओरडायची, "काय रे पोरग्यांनो! मला एचआयव्ही आहे. रोज गोळी घेते, आत्ता बांगडा-भात जेवून आल्येय. मी भूत दिसते काय?" पोरं हसत आणि हसताहसताच बोट पुढे करत.

हा आजार तिला नवरा गेला तेव्हा कळला. सासरी तिचं ताट वेगळं झालं, मग खोली, मग घरच सुटलं. लपवून काही वाचलं नाही म्हणून ती उघड बोलू लागली.

निकाल येईपर्यंत ती कोणाला एकटं बसू देत नसे. एकदा कॉलेजातली एक मुलगी निकालाआधीच उठून निघाली. अक्का म्हणाली, "काय पण येऊ दे गो. नसला तर जपायचं कसं ते सांगते, असला तर औषध आहे." कंडोमबद्दलही ती मान खाली न घालता बोले.

पूर्णगडला तिचा धाकटा भाऊ होता, बोटीवर खलाशी. तिच्या या उघडपणापायी त्याने बोलणं टाकलं होतं. एके दिवशी त्याला इस्पितळात आणलं. छातीत टीबी, अंगावर नुसती हाडं. वॉर्डात त्याचं रक्त मीच तपासलं; एचआयव्ही निघाला.

अक्का त्याच्या उशाशी बसली. "आधी का नाही रे आलास?"

"कुठे येणार?" धापा टाकत तो म्हणाला. "जाईन तिथे टेबलावर तूच. तुला कसं सांगू?"

अक्का त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. औषधं सुरू झाली, पण फार उशीर झाला होता.

तेरावं झाल्यावर ती कामावर आली आणि साहेबांना म्हणाली, "पूर्णगडच्या शिबिराला मला नेऊ नका. ओळखीच्यांना येता येऊ दे."

त्या शिबिराला मी नव्या समुपदेशकाबरोबर गेले. दुपारी एक तरुण खलाशी दाराशी घुटमळला. "अक्का नाही ना आली?"

"नाही."

तो आत येऊन बसला.

संध्याकाळी त्याचं नावगाव न सांगता मी अक्काला एवढंच सांगितलं.

"बरं झालं गो," ती म्हणाली. आणि तिने पदर तोंडाला लावला, तो बराच वेळ काढला नाही.