जावयासाठी अँपिसिलिन

आमची मावशी प्रयोगशाळेत प्लेटा ओतते. कोमट जेलीत अँपिसिलिन मिसळायचं, चपट्या बशांत ओतायचं आणि थिजू द्यायचं. हे औषध नाना तऱ्हेचे जंतू मारतं. शास्त्रज्ञांनी ज्यांना ते पचवायची शक्ती दिलेली असते, तेवढेच जंतू त्यावर ठिपक्यांसारखे उगवतात. बाकीचे खलास. ही पद्धत मावशीला इतकी पटली, की लेकीसाठी मुलं बघताना तिने तीच घरी आणली.

मुलगा आला की त्याला डुगडुगत्या खुर्चीवर बसवायचं, बिनसाखरेचा चहा द्यायचा आणि काकांच्या मुतखड्याच्या ऑपरेशनची गोष्ट अगदी पहिल्या कळेपासून सांगायची. मध्येमध्ये प्रश्न. "पगार वाढला नाही तर दोष कुणाला द्याल?" "आईशी शेवटचं भांडण कशावरून झालं?" भल्याभल्यांनी काढता पाय घेतला. एक इंजिनिअर तर भर पावसात छत्री टाकून पळाला. माझी मावसबहीण मूग गिळून कप विसळायची, आणि मला मावशीचा भयंकर राग यायचा. काका गेल्यापासून घरात त्या दोघीच होत्या. मुलगा पळाला, की त्या दिवशी मावशीला भूक जास्त लागायची, हे मी स्वतः पाहिलंय.

मग एक विमा एजंट आला. दारातून हाकललं जायची ज्याला रोजची सवय, असा माणूस. तो ठाण मांडून बसला, चहा मागून घेतला, मुतखडा केवढा होता तेही विचारलं. मावशीचा सगळा मारा त्याने एकट्याने झेलला. सोबतीला आणलेला त्याचा मित्र, एक लाजाळू घड्याळजी, त्याच्या आडोशाला निवांत होता. बहिणीने त्याला भिंतीवरचं बंद घड्याळ दाखवलं आणि दोघं त्यातच रमली. पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "मला घड्याळवाला पसंत आहे."

"तो नाही चालायचा," मावशी म्हणाली. "प्लेटवर एखादा दांडगा ठिपका आजूबाजूचं औषध खाऊन टाकतो. मग त्याच्या शेजारी असली लेचीपेची पिल्लं उगवतात. ती आम्ही उचलत नाही. त्याला पुन्हा बोलाव, एकट्याला. टिकला तर तुझा, नाहीतर विषय संपला."

बहीण कबूल झाली. रविवारी घड्याळजी एकटा आला. पहिल्याच प्रश्नाला त्याला दरदरून घाम फुटला. मुतखडा बाहेर निघायच्या आत तो पांढराफटक पडून उठला आणि दाराकडे सरकू लागला. मावशीने माझ्याकडे बघून समाधानाने मान डोलावली.

तेवढ्यात बहीण स्वयंपाकघरातून आली. तिने त्याला हाताला धरून सोफ्यावर बसवलं आणि स्वतः त्याला चिकटून बसली.

"विचार आता काय ते," ती आईला म्हणाली. "मी जन्मापासून तुझ्याच प्लेटवर वाढलेय. मला काही होत नाही. हा माझ्या शेजारी जगेल."

मावशीने मुतखड्याची गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुन्हा धरली, आणि मध्येच सोडून दिली. शेवटी तिने डोळे पुसले आणि लेकीला विचारलं, "आणि मी कुणाच्या शेजारी जगू?"