दर दहा मिनिटांनी चर्चा

या क्रांतिकारी चित्रपट महोत्सवात कोणी मोठं नाही, कोणी लहान नाही, असं पत्रकावर छापलेलंच असायचं. सगळे एकमेकांना कॉम्रेड म्हणत. तिला मात्र ताई. कॉम्रेडला खुर्च्या मांडायला सांगणं बरं दिसत नाही ना!

ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. महोत्सव आला की रजा टाकायची, हॉलच्या किल्ल्या आणायची, पडदा ताणून बांधायची आणि दारात बसायची. इतक्या वर्षांत एकही सिनेमा तिला अख्खा बघायला मिळाला नव्हता. आत क्रांती पेटली की बाहेर नेमका चहा संपायचा.

निर्णय सगळे एकमतानं. एकाचाही विरोध असला की काम तिथंच थांबवायचं. पत्रकाचा लाल नेमका किती लाल, यावरून दोन कॉम्रेड वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. आता बोला!

यंदा ताईनं आधीच बजावलं, "बाटल्यांच्या कारखान्यातल्या संपाचा माहितीपट मी बसून बघणार. दाराचं तुमचं तुम्ही बघा."

त्याला कारण होतं. हा जुना माहितीपट परगावच्या एका गृहस्थाकडे होता. मामानं तिकडे तो पाहिला आणि फोन केला, "तुझी आई आहे गं त्यात. अगदी शेवटी. बोलतेय!" आई गेली तेव्हा ताई एवढीशी होती. फोटो होते, पण आवाज कुठून आठवणार? माहितीपटाचा हा मालक मोठा संशयी. प्रत देणार नाही म्हणाला. स्वतः येणार, एकदा दाखवणार आणि रिळांचा डबा काखोटीला मारून परत जाणार.

पण समितीतल्या प्राध्यापकांना कुठं राहवतंय! प्रेक्षक भावनेत वाहून जाऊ नयेत म्हणून दर दहा मिनिटांनी सिनेमा थांबवून चर्चा करायची, असा ठराव त्यांनी आणला. तो एकमतानं मंजूर झाला. ताई तेव्हा चहा आणायला गेली होती.

झालं. पहिल्यांदा सिनेमा थांबला तेव्हा प्राध्यापकांनी आपण काय पाहिलं ते समजावलं. दुसऱ्यांदा, मघाशी काय समजावलं ते समजावलं. संध्याकाळी त्या हॉलमध्ये नाचाचा वर्ग भरायचा. त्या पोरांच्या आया जिन्यात येऊन ठेपल्या, मालक घड्याळ बघायला लागला. 

"प्रश्न असा आहे," प्राध्यापक म्हणाले, "की या कामगार स्त्रियांना आवाज आहे का?"

ताईनं हात वर केला.

"बोला ताई. चहा आला?"

"माझा विरोध आहे."

"कशाला?"

"तुम्हाला."

प्राध्यापकांनी चष्मा सारखा केला.

"मग आधी या विरोधावर चर्चा..."

"चर्चेलाही विरोध आहे. बसा खाली!"

तिनंच उठून दिवे घालवले आणि मालकाला म्हणाली, "चालू करा हो."

गेट. घोषणा. बायकांची गर्दी. आणि आई आली. काटकुळी, बाह्या वर सारलेल्या, एकटीच एक लांबलचक बाकडं ओढत होती. कॅमेऱ्याकडे बघून ती कडाडली, "अरे मेल्या, चित्रं कसली काढतोस? हात लाव की जरा!"

हॉल खो खो हसला. ताई हमसून हमसून रडत होती. आईचा आवाज गोड असेल, असं ती जन्मभर धरून चालली होती. हा तर फाटका, खणखणीत, थेट तिच्यासारखा.

दिवे लागले. मालक डबा बंद करू लागला.

"पुन्हा लावा," ताई म्हणाली.

"अहो, माझी गाडी चुकेल."

"चुकू द्या. माझी आई आहे ती."