भाडेवाढ धरायची राहिली

कंडक्टरच्या हिशोबात दोनच गोष्टी असतात. तिकिटं किती गेली आणि थैलीत किती आले. कमी पडले तर आपल्या खिशातून भरा, जास्त निघाले तर खुलासा लिहा. गडचिरोली आगारात जन्म घालवल्यावर मी माझ्या आयुष्याचा आराखडाही तसाच केला, यात नवल ते काय!

दहा वर्षांपूर्वी एका वहीत मी तो बसच्या टप्प्यांसारखा आखला होता. पहिला टप्पा मुलीचं नर्सिंग, दुसरा घरावरचा स्लॅब, तिसरा तिचं लग्न. शेवटचा टप्पा, पंचावन्नाव्या वर्षी नोकरी सोडून घरी. घर म्हणजे आरमोरीच्या पुढचं आमचं गाव. तिथे माझा नवरा एकटा राहून धानाची शेती करतो आणि मी गडचिरोलीत खोली करून राहते. त्यातही निम्म्या रात्री बसच्या मुक्कामाला, जंगलातल्या गावांत. वीस वर्षं आमचा संसार साप्ताहिक सुट्टीपुरता आहे. मला त्यांच्याजवळ राहायला जायचं होतं. सगळी वही त्यासाठीच होती.

यंदा मी अठ्ठेचाळिसावं वर्ष ओलांडलं, माझी एक मुदत ठेव पिकली आणि लोकांना माझी फारच आठवण यायला लागली. नात्यातला विमा एजंट मिठाईचा डबा घेऊन आला. बँकेतल्या साहेबांनी न मागता चहा पाजला. दोघांचाही सल्ला फुकट होता. मला हसूच आलं. फुकट बसणाऱ्याचं भाडं कुणाकडून तरी वसूल होतंच, हे मला कुणी शिकवायला नको. आगारातल्या मैत्रिणीने सांगितलं, चंद्रपूरला एक बाई आहे, ती काही विकत नाही, फक्त सल्ल्याची फी घेते. मी लगेच ठरवलं, वही तिलाच दाखवायची.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर ते उखडलेच. "पैसे देऊन पैशाचा सल्ला घेऊन राह्यली काय वं?"

"हो, घेऊन राह्यली," मी म्हटलं आणि रजा टाकली.

चंद्रपूरची बस पकडली तेव्हा मी इतकी खुशीत होते की त्या कंडक्टरला सुट्टे मोजून दिले. सल्लागार बाई माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने वही पान न् पान वाचली आणि विचारलं, "बाई, नोकरी सोडल्यावर महिन्याचा खर्च किती धरला तुम्ही?"

"आता लागतो तेवढाच."

"आणि पासष्टाव्या वर्षी?"

"तेवढाच की."

तिने पेन खाली ठेवलं. "तुम्ही नोकरीले लागल्या तवा आरमोरीचं तिकीट किती होतं? आन् आता किती आहे?"

दोन्ही आकडे तोंडपाठ होते. मी ते सांगितले आणि दुसरा आकडा सांगता सांगताच माझी जीभ अडखळली. भाडेवाढीवरून आजवर हजारो प्रवाशांची बोलणी खाल्ली, आणि स्वतःच्या वहीत भाडेवाढ धरलीच नाही! असली चूक कंडक्टरच करू जाणे.

तिने महागाई धरून हिशोब फिरवला. सहासष्टाव्या वर्षी पैसे संपत होते. म्हणजे पंचावन्न नाही, निवृत्तीच्या अठ्ठावन्नपर्यंत तिकिटंच फाडायची? मला स्वतःचाच भयंकर राग आला.

ती मात्र अजून वहीच चाळत होती. "बाई, तुमचा पीएफ कुठी लिहिला आहे? ग्रॅच्युइटी?"

"ते कुठे अजून हातात आलेत?"

"म्हणून धरलेच नाई?"

नव्हतेच धरले. थैलीत नाही ते हिशोबात नाही, हीच आमची शिस्त. ती इतकी हसली की मलाही हसू फुटलं. मग तिने इतक्या वर्षांचं ते सगळं मांडलं, पुढे येणारी थोडी पेन्शन धरली, हात राखून पुन्हा हिशोब केला आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. बावन्न. मी तिला बेरीज आणखी दोनदा करायला लावली. दोन्ही वेळा बावन्नच! मी खुर्चीवरून उठलेच. तिथल्या तिथे ठरवलं, दर वर्षी वही घेऊन हिच्याकडेच यायचं. इतक्या आनंदाने मी कधी कुणाला पैसे मोजून दिले नव्हते.

चंद्रपूरच्या बसस्थानकावरून फोन लावला. ते शेतातच होते.

"अजी, पंचावन्न नाई, बावन्नलेच सोडता येते नोकरी. तीन वर्षं आधी."

पलीकडे शेतातला वारा ऐकू येत होता.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "तीन वर्षं वावरातून येऊन घराचं कुलूप मले नाई उघडा लागणार."

रिकाम्या घराचं कुलूप उघडताना काय वाटतं, हे ते वीस वर्षांत एकदाही बोलले नव्हते. मी तिथेच, भर स्थानकात, बाकावर बसून रडले.