कुत्र्याचे थेंब

माझी मामी जनावरांची डॉक्टर आहे. आमच्या गल्लीतली निम्मी जनावरं तिच्याकडे गोचीड, पिसवा नाहीतर खरूज अंगावर घेऊनच येतात, म्हणून लोकांनी तिला ‘गोचीडमामी’ करून टाकलं. नवख्या माणसाला हे नाव ऐकून धक्का बसतो. पण धक्का बसणं हा मामीच्या दवाखान्यातला नित्याचाच कार्यक्रम आहे.

समोरच्या शिंप्याचंच बघा. तो एकदा कुत्र्याला कवेत घेऊन घामाघूम होऊन आला.

“मामी, पोटावर गोचीडच गोचीड! दोन ओळींत बसलेत, टाके घातल्यासारखे. ओढतोय तर निघत नाहीत आणि हा मलाच चावतोय!”

मामीने कुत्र्याला उताणं केलं आणि कपाळावर हात मारला. “ओढताय काय? सड आहेत ते त्याचे!”

“पण हा नर आहे!”

“तुम्हीही आहात. घरी जाऊन शर्ट काढा आणि आरशात बघा.”

शिंप्याचा हात आपसूक शर्टाच्या गुंडीवर गेला. इतक्या वर्षांत लोकांची मापं घेतली, पण हा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता. खरे गोचीड निघाले कानात आणि बोटांच्या बेचक्यांत. मामीने चिमटा कातडीला टेकवून एकेक सरळ उपसला. शिंप्याने खिशातून काडेपेटी काढली, तशी ती ओरडली, “ठेवा ती आत! गोचीड काढायचाय, कुत्रं भाजायचं नाही!”

दवाखाना खाली, घर वर. वरच्या मजल्यावर दोन प्राणी: मामा आणि बोका. मामा आयुष्यभर शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झालेले. बोका कसलाच अनुभव नसताना जन्मापासूनच निवृत्त. दारात कुणी आलं की तो गुरगुरायचा, पाहुण्यांच्या पोटऱ्या धरायचा. म्हणून मामा त्याला ‘कुत्र्या’ म्हणायचे. पहिल्यांदा शिवी म्हणून, मग सवयीने, मग लाडाने. बोकाही त्याच नावाला ओ द्यायला लागला. “कुत्र्या, दूध पी!” ही हाक ऐकून शेजारची नवी बिऱ्हाडकरू बाई आठवडाभर कुत्रा शोधत होती.

तर त्या दिवशी सकाळी मामीला वनखात्याच्या माणसांनी बोलावून नेलं. रानाच्या कडेला एक विचित्र जनावर सापडलं होतं. अंगावर केस नाही, कातडीला भेगा, शेपटीची दोरी झालेली. माणसं घाबरून लांब उभी. मामी बघून म्हणाली, “अरे, कोल्हा आहे हा! लूत लागलीय त्याला.” डोळ्यांना न दिसणारे किडे कातडीत भुयारं खणून राहतात आणि जनावर खाजवून खाजवून सोलून निघतं. एकाने विचारलं, “मग त्याचे केस?” “येतील. तुमच्यापेक्षा त्याला आशा आहे,” मामी त्याच्या टकलाकडे बघत म्हणाली.

कोल्ह्याला पिंजऱ्यात घेऊन सुई टोचायच्या गडबडीत तिने मामांना फोन केला. “अहो, कुत्र्याचे थेंब खोक्यातून काढून टेबलावर ठेवलेत. आज राहता कामा नयेत हं!”

“मी विसरीन होय?” मामा म्हणाले.

मी दुपारी पोचलो, तेव्हा मामा दारातच होते. “ये. कुत्र्याला थंडी वाजतेय.”

बोका मामांच्या स्वेटरात गुंडाळलेला. कान फडफडत होते. मग गाल उडायला लागला, मग पाय. कुणीतरी आतून तारा ओढाव्यात तसा तो थरथरत होता. मला पाहून गुरगुरलाही नाही. माझी पोटरी शाबूत राहिली, याचं एरवी मला सुख झालं असतं. तेव्हा मात्र मी मामीला फोन लावायला घेतला.

तेवढ्यात मामी आली. चपलाही न काढता तिने बोक्याची मान हुंगली.

“काय लावलंत याला?”

“तूच सांगितलंस ना! कुत्र्याचे थेंब. मानेवरचे केस बाजूला करून अख्खी नळी रिकामी केली,” मामा म्हणाले. हातावरचे ओरखडेही दाखवले, पदकासारखे.

मामीचा चेहरा पांढरा पडला. “अहो, ते शिंप्याच्या कुत्र्याचे! तो न्यायला येणार होता. गोचिडांचं ते औषध मांजराला पचत नाही. विष आहे त्याला ते!”

मामांनी ओरखड्यांवर बाही ओढून घेतली. ज्या षष्ठी विभक्तीवरून त्यांनी तीन पिढ्यांचे कान पिरगाळले, तिने त्यांना नेमक्या जागी गाठलं होतं. ‘कुत्रा’ असो की ‘कुत्र्या’, थेंब ‘कुत्र्याचे’च.

मामीने भांडी घासायचा साबण घेऊन कोमट पाण्यात बोक्याला पुन्हापुन्हा धुतलं. धरायला मामा. मग कोरडा करून खाली दवाखान्यात उबेत ठेवला, झटके थांबवायची सुई दिली, सलाइन लावलं. या सगळ्यात ती अवाक्षर बोलली नाही, आणि मला खरा धक्का बसला तो त्याचा. मामी न बोलता काम करते, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

“वाचेल ना गं?” मामांनी विचारलं.

“माहीत नाही.” मग सलाइनची नळी तपासत, “मी एक शब्द वाचवला हो. ‘शिंप्याच्या’ म्हणायला जीभ झिजली असती का माझी?”

मामा स्टीलच्या टेबलाशी स्टूल ओढून बसले, ते उठेचनात. आता ते नावही तोंडून निघेना. “बाळा... राजा... सोन्या...” दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी त्यांची संबोधनं चालूच होती. थरथर कमी झाली होती, पण बोका डोळे उघडत नव्हता. सोन्या कोण, त्याला काय ठाऊक?

मग त्याचा एक पंजा हलला, वर आला आणि सलाइनच्या नळीत अडकला.

“कुत्र्या! सोड ती!” मामा खेकसले.

बोक्याने एक डोळा उघडला, मान उचलली आणि मामांवर गुरगुरला. बारीक, फाटक्या आवाजात, पण गुरगुरला. मामा हुंदके देऊन रडायला लागले आणि मामीला त्या दोघांत आधी कुणाकडे बघावं ते कळेना.

नाव बदलायचा प्रश्नच मिटला. ज्या हाकेला बोका परत आला, ती काढून कशी घेणार? तेव्हा मामीने गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांचंच नाव बदललं. दवाखान्यात ‘कुत्रा’ हा शब्द बंद. आता फक्त ‘श्वान’. श्वानाचे थेंब, श्वानाचा साबण, श्वानाचा पट्टा.

नवे थेंब घ्यायला शिंपी आला, तेव्हा मामी आतून ओरडली, “अहो, श्वानाचं औषध द्या त्यांना!”

शिंप्याने माझा दंड धरला. चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

“खरं सांगा,” तो कुजबुजला, “माझ्या कुत्र्याला श्वान झालंय? बरं होतं ना हो ते?”