पिप्यातलं लिंबू

गोंदियात आम्ही भाड्याची घरं बदलत राहायचो, आणि दर वेळी ठेल्यावर सगळ्यात आधी आईची झाडं चढायची. तेलाच्या रिकाम्या चौकोनी पत्र्याच्या पिप्यांना खिळ्यानं भोकं पाडून तिनं त्यांत मोगरा, पुदिना आणि एक कागदी लिंबू लावलं होतं. आमगावजवळच्या तिच्या माहेरी घरामागे भाजी-फळझाडांची मोठी बाडी होती. इथं गच्चीचा एक कोपरा मिळाला तरी ती खूश.

"घर सुटते, झाड नाही सुटत," असं म्हणायची. पिप्याचं सुख ते एवढंच, उचलून सोबत नेता येतं. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की सकाळचं पाणी दुपारी नाहीसं. लग्नाला गावी गेलो तरी तिचा जीव गच्चीवर. ओल झिरपते म्हणून एक घरमालकीण खालून ओरडायची, "भाभीजी, छत सड़ जाएगी हमारी!" मग आई पिपे विटांवर चढवायची आणि पाणी हात राखून घालायची. लिंबू वर्षानुवर्षं कमरेएवढंच राहिलं. फळ एकही नाही. आम्ही त्याची पानं चुरगाळून वास घेत अभ्यासाला बसायचो.

पुढं गोंदियालगतच मुर्रीला स्वतःचं घर झालं. बाबांनी अंगणात खड्डा खणला, पण झाड पिप्यातून निघेना. शेवटी छिन्नीनं पत्रा कापला. आत माती जवळजवळ नव्हतीच. मुळ्या एकमेकींना वेढे घालत पिप्यासारख्याच चौकोनी झाल्या होत्या. आई खाली बसून त्या बोटांनी सोडवत राहिली.

"पाय पसराले जागाच नाही भेटली याले."

"आता भेटली ना," बाबा म्हणाले. "रडून काऊन राहिली?"

"रडून नाही राहिली. माती गेली डोळ्यात."

काही दिवसांतच सगळी पानं गळाली. "पिप्यातच बरं होतं," म्हणत आई रोज त्याच्यावर ओल्या पोत्याची सावली करायची. पोळ्याच्या सुमारास बुंध्याजवळ एक हिरवा कोंब दिसला. तिनं आम्हाला हात धरून नेऊन दाखवला, पण हात लावू दिला नाही.

तीन-चार वर्षांनी झाड लिंबांनी लगडलं. आई पदरात भरून गल्लीभर वाटून आली. झाड आता तिच्यापेक्षा उंच होतं, मुळं खोल गेली होती. बाबा म्हणाले, "आता कायले पाणी घालतेस? त्याचं ते पाहून घेते."

"माहीत हाय मले," आई म्हणाली, आणि हातातला पाण्याचा गुंड तिनं बुंध्याशी रिकामा केला.