कोबी घेतला, गाजर घेतली

साताऱ्याहून सकाळच्या एसटीने निघाले तेव्हा मांडीवर दोनच जिन्नस: विहिणीच्या मानाची साडी-नारळाची पिशवी आणि इटालियनची वही. लेकीने इटलीतला मुलगा पसंत केलाय, आणि त्याची आई दुपारी पुण्यात डेक्कनच्या हॉटेलात भेटणार होती. भाषांतर मी करीन म्हणून लेक कधीची मागे लागलेली. पण एक वाक्य मला माझ्याच तोंडाने सांगायचं होतं: ही मुलगी मी एकटीने वाढवली. लेकीने ते गोड करून सांगितलं असतं, किंवा गिळलं असतं.

कसबा पेठेत शेख सरांकडे पोहोचले. निवृत्त शिक्षक, तीन महिने फोनवर मला इटालियन शिकवत होते. पाणी देऊन त्यांनी वाक्य म्हणायला लावलं.

"मुलगा वाढवलात," ते म्हणाले. "पुन्हा."

आपण भात केला, भाकरी केली म्हणतो ना, तसंच. इटालियनमध्ये आधी 'तिला' म्हटलं, की क्रियापदाची शेपटी तिच्यासारखी करायची. कळत होतं, पण मेली जीभ वळेना! शेवटी सर मला चालत मंडईत घेऊन गेले. जिन्नस हातात घ्यायचा, मगच बोलायचं, ही त्यांची पद्धत. इटलीत गाजर बाई, कोबी बुवा. गाजराला 'लो कोम्प्राता' (ती घेतली), कोबीला 'लो कोम्प्रातो' (तो घेतला). चुकलं की आणखी एक घ्या. चार कोबी झाले. भाजीवाल्या मावशींनी हळूच विचारलं, बाईंना काही झालंय का.

"व्याकरण," सर म्हणाले.

उशीर झाला म्हणून मंडईतूनच रिक्षा केली. हॉटेलात विहीणबाई समोर उभ्या राहिल्या तेव्हा आठवलं, मानाची पिशवी सरांच्या टेबलावरच राहिली. विहिणीपुढे रिकाम्या हाताने? छे! सगळ्यात मोठा कोबी पदराने पुसला आणि त्यांच्या हातात ठेवला. लेकीने कपाळावर हात मारून घेतला. विहीणबाईंनी मात्र कोबी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. भारतात असंच करायचं, हे मुलाने शिकवलं असावं.

लेक बोलायला सरसावली. तिला थांबवलं आणि एका दमात म्हणाले, "लो क्रेश्शूता दा सोला" (ही मी एकटीने वाढवली).

शेपटी बरोबर लागली. लेक माझ्याकडे बघतच राहिली. विहीणबाईंनी कोबी छातीशी कवटाळला.

मग त्या म्हणाल्या, "आंकीओ" (मीसुद्धा). आणि त्यांचे डोळे भरले. माझेही.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. तीन महिने घोकलं ते माझं दुःख त्यांना नीट सांगता यावं म्हणून. त्यांनाही काही सांगायचं असेल, हे एकदासुद्धा माझ्या मनात आलं नव्हतं.